एक वर, दोन खाली

मास्तरांचा टायपिंगचा क्लास बंद पडला तेव्हा गावात कुणाला फारसं वाईट वाटलं नाही, एक मास्तर सोडले तर. घरोघरी संगणक आले आणि लोक दोन बोटांनी, एका बोटानं, प्रसंगी नुसत्या अंगठ्यानं वाट्टेल ते लिहायला लागले. मास्तरांनी जन्मभर एकच गोष्ट शिकवली होती: बोटं जागेवर. यंत्रावर लाकडी झाकण घालून ते मुलामुलींना अक्षरं न बघता बडवायला लावायचे, आणि चुकीच्या बोटानं बरोबर अक्षर उमटलं तरी कागद फाडायचे. "अक्षर बरोबर आलं म्हणून काय झालं? बोट चुकलं ना!" हे वाक्य गावातल्या निम्म्या कारकुनांना अजून झोपेत ऐकू येतं.

क्लास गेला, पण वाक्य शिल्लक राहिलं, आणि एवढं मोठं वाक्य घरात किती दिवस ठेवणार? बायकोनं पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं की पोळपाट-लाटण्यावर बोटं कुठं ठेवायची ते तिला कळतं. मग मास्तरांनी पाण्याच्या टाकीमागचं मैदान गाठलं. तिथं चारदोन हौशी मंडळी सुट्टीच्या सकाळी धनुष्यबाण चालवायची. चाकं, दुर्बिणी, स्प्रिंगा लावलेली यंत्रं नव्हेत. साधं लाकडाचं धनुष्य, दोरी, पिसं लावलेला बाण, आणि समोर पेंढ्याची जाड गादी. मास्तर आधी बघायला गेले, मग शिकायला, आणि बाण गादीला लागायला लागला तशी शिकवायला. वर्षभरात मंडळ त्यांचं झालं. कुणी दिलं नव्हतं आणि कुणी नाहीही म्हणालं नव्हतं.

तिथंही प्रश्न बोटांचाच होता. बाणाच्या शेपटीची खाच दोरीत बसवली की दोरी ओढायची तीन बोटांनी. काही लोक पहिलं बोट बाणाच्या वर ठेवतात आणि दोन खाली; काही तिन्ही बाणाच्या खाली ठेवतात. तिन्ही खाली ठेवली की बाण डोळ्याच्या जवळ येतो आणि जवळचा नेम सोपा जातो. जगात दोन्ही चालतं. मास्तरांच्या मैदानावर एकच चालायचं.

"एक वर, दोन खाली," ते रांगेच्या मागून फिरत म्हणायचे. "तिन्ही खाली घालून बाणावरून डोळा लावायचा असेल तर बंदूक घ्या. इथं कशाला आलात?"

पहिलं बोट हे मास्तरांचं खास बोट. फळ्यावर तेच, चुकणाऱ्यावर तेच, हॉटेलात चहा मागवायला तेच. लोक म्हणायचे, मास्तरांची जीभ एक वेळ विश्रांती घेईल, ते बोट घेणार नाही.

मंडळाची धनुष्यं करायचा मास्तरांचा साडू. दोघांनी दोन सख्ख्या बहिणी केल्या होत्या, मास्तरांनी थोरली आणि त्यानं धाकटी. साडूचा धंदा सुतारकामाचा. कपाटं, खाटा, दारं यांचं गिऱ्हाईक तयार सामानाच्या दुकानांनी पळवलं, पण चांगलं धनुष्य दुकानात मिळत नाही, त्यामुळे तेवढं काम त्याच्या हातात राहिलं होतं. तो स्वतःही मारायचा, आणि मारायचा तिन्ही बोटं खाली ठेवून. पूर्वी कधीतरी मंडळाच्या वार्षिक सामन्यात त्यानं असे बाण मारले की गादीवर ते एकमेकांना चिकटून उभे राहिले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मास्तरांनी बाण उपटले आणि निकाल दिला: "धरणार नाही. बोट चुकलंय."

साडूनं वाद घातला नाही. तो फक्त म्हणाला, "मास्तर, बाणाला तरी विचारा." मग धनुष्याची दोरी उतरवली, ते खांद्याला लावलं आणि गेला, तो परत मैदानावर आला नाही. लग्नाकार्यात दोघं समोरासमोर आले की हवापाण्यावर बोलायचे आणि ताटावर बसायची वेळ आली की दोन टोकांना बसायचे. बहिणी मात्र रोज फोनवर तास तास बोलत. दोन घरांमधला सगळा कारभार, भांडणासकट, त्या दोघीच चालवायच्या.

अशी घडी नीट बसलेली असताना मास्तरांचं पहिलं बोट सुजलं.

मधलं पेर सकाळी लालबुंद व्हायचं आणि बोट वाकवलं की कळ थेट कोपरापर्यंत जायची. डॉक्टर म्हणाले, वयोमानानं होतं. बायको म्हणाली, "वयाचं काय घेऊन बसलात! इतकी वर्षं माणसांवर रोखून धरलंय, दुखेल नाहीतर काय होईल?" दुखणं तर मास्तरांनी सोसलं असतं. पण सुजलेलं पेर आणि खालचं बोट यांच्यामध्ये बाणाची शेपटी अडकायला लागली. दोरी पूर्ण ओढली की बोटं तिला चिमटायची, आणि सुटताना बाण धनुष्यापासून फटकून बाजूला जायचा. मास्तरांचे बाण गादीच्या कडेला लागायला लागले. एक तर गादी सोडून मागच्या भिंतीला लागला आणि मंडळातल्या एका बँकेच्या रोखपालाच्या पायाशी येऊन पडला. रोखपाल सभ्य माणूस. त्यानं तो उचलून दिला आणि वारा फार आहे म्हणाला. त्या दिवशी पानसुद्धा हलत नव्हतं.

नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण मास्तरांनी इतरांना इतक्यांदा ऐकवली होती की ती आपल्यालाही लागू पडू शकेल हे त्यांच्या गावीही नव्हतं. त्यांनी सामान बदलायला घेतलं. आधी जाड चामड्याचा हातमोजा आणला. त्यात बोटाला दोरीच कळेना, म्हणून पातळ आणला. मग मोजे सोडून बोटांपुढं धरायचा चामड्याचा तुकडा आणला, ज्याच्या मधोमध बोटं लांब ठेवायला एक लाकडी ठोकळा असतो. तो ठोकळा नेमका सुजलेल्या पेरावर बसला. जाड दोरी झाली, बारीक दोरी झाली. बाणाच्या खाचा कानशीनं घासून रुंद केल्या, तेव्हा बाण दोरीवरून आपोआप खाली पडायला लागले. एक ना धड, भाराभर चिंध्या. कपाटाचा एक खण भरला, तेव्हा बायकोनं त्यातून जाड मोजा काढून घेतला. "हा मला असू दे. कढई उतरवायला छान आहे."

शेवटी एका संध्याकाळी, मैदानात कुणी नाही हे दोनदा बघून, मास्तरांनी ते केलं. बोट बाणाच्या वरून उचललं आणि खाली नेलं. प्रवास केवढा, तर बाणाच्या जाडीएवढा. दोरी ओढली तर कळ आली नाही. चिमटा बसत नव्हता आणि भार तिन्ही बोटांवर सारखा वाटला गेला. बाण सुटला आणि गादीच्या बरोब्बर मध्ये जाऊन बसला. मास्तरांनी दुसरा मारला. तो पहिल्याशेजारी लागला. तिसरा मारायचा त्यांना धीर झाला नाही. ते तिथंच बाकावर बसले आणि त्यांना रडू आलं. इतके चांगले बाण त्यांनी कित्येक महिन्यांत मारले नव्हते, आणि ते कुणाला दाखवायची सोय नव्हती.

घरी जाताना त्यांनी मनाशी तोडगा काढला. आपलं धनुष्य आखूड आहे. आखूड धनुष्याची दोरी ओढली की तिचा कोन अरुंद होतो आणि बोटं एकमेकांवर दाबली जातात. लांब धनुष्य घेतलं की बोटं मोकळी राहतील, आणि पहिलं बोट सन्मानानं वर जाईल. हे शास्त्राला धरून होतं. मास्तरांना असं शास्त्र फार आवडायचं, ज्यात आपलं काही बदलावं लागत नाही.

लांब धनुष्य करणारा अर्थातच साडू. निरोप नेहमीच्या मार्गानं गेला: मास्तरांनी बायकोला सांगितलं, तिनं फोनवर बहिणीला, बहिणीनं रंध्याच्या खरखरीत नवऱ्याला. उलट टपाली प्रश्न आला.

"अहो," बायकोनं फोनवर हात ठेवून विचारलं, "बोटं कुठं ठेवणार, विचारतायत."

"त्याला माहीत नाही?"

"माहीत आहे हो. पण सगळ्यांनाच विचारतात म्हणे. विचारल्याशिवाय लाकडाला हत्यार लावत नाहीत."

यात साडूची काही तिरकस चाल नव्हती. एक वर, दोन खाली असलं की दोरी एका जागी ओढली जाते. तिन्ही खाली असली की बोटभर खालून. तेवढ्या बोटभर फरकासाठी धनुष्याची खालची बाजू निराळी तासावी लागते. तसं केलं नाही तर वरची आणि खालची बाजू एकदम सुटत नाहीत, धनुष्य हातात थरथरतं आणि खडखडतं. म्हणजे प्रश्न शिंप्यानं छातीचं माप विचारावं तसा होता.

बायको थांबली होती. आदल्या दिवशी तिनं नवऱ्याला कपाटाच्या आरशासमोर कपडे वाळत घालायची दोरी ओढताना पाहिलं होतं, आणि तिन्ही बोटं कुठं होती तेही पाहिलं होतं. ती हळू आवाजात म्हणाली, "खरं काय ते सांगा. ते कुणाला बोलणार नाहीत. कुणाला कळणार नाही."

"मला कळेल ना!" मास्तर म्हणाले. "सांग त्याला. एक वर, दोन खाली."

वैद्याला आणि शिंप्याला खोटं सांगू नये म्हणतात. धनुष्य करणाऱ्याचं नाव त्यात कुणी घातलं नाही, कारण असं खोटं बोलणारा माणूस तोवर झाला नसावा.

धनुष्य आलं ते इतकं देखणं की मास्तरांनी ते बराच वेळ नुसतं हातात धरलं. लाकूड मधासारख्या रंगाचं, एक गाठ नाही, रेषा वरपासून खालपर्यंत सरळ गेलेल्या. पहिल्याच सकाळी त्यांनी बोट वर ठेवून दोरी ओढली. धनुष्यातून एक दबका, गोल आवाज आला, आणि बाण पुन्हा बाजूला फटकला. लांबीनं थोडा फरक पडला होता, पण सुजेपुढं लांबीचं काही चाललं नाही. बोट खाली नेलं तर बाण सरळ गेला, पण धनुष्य मुठीत थरारलं आणि जुन्या खाटेसारखं खडखडलं.

माणसानं इथं तरी शहाणं व्हायचं. मास्तर नेमाच्या लोभात पडले आणि बोट गुपचूप खालीच ठेवायला लागले. ते रांगेच्या अगदी उजव्या टोकाला, भिंतीलगत उभे राहायला लागले. उजव्या हातानं ओढणाऱ्याची छाती त्या बाजूला वळलेली असते, म्हणजे तोंड भिंतीकडे आणि पाठ जगाकडे. त्यांची बोटं फक्त भिंत बघायची. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण आवाज कसा झाकणार?

"मास्तर, नव्या धनुष्याचा असा काय आवाज येतो हो?" मंडळातल्या औषधाच्या दुकानवाल्या बाईंनी एकदा विचारलंच. रोखपालानंही मान वळवली.

मास्तरांना क्षणभर खरं सांगावंसं वाटलं. पण तोंडून निघालं ते असं: "काय सांगणार? साडूचा हात आता पूर्वीसारखा राहिला नाही."

बोलून गेल्यावर बोलणं सोपं होत जातं. पुढच्या वेळी ते "डोळेही गेले असावेत" म्हणाले, आणि त्याच्या पुढच्या वेळी "लाकूड ओलं वापरलं असणार" म्हणाले. बाई आणि रोखपाल ऐकून घ्यायचे आणि एकमेकांकडे न बघता आपापल्या बाणांची पिसं साफ करायचे. मास्तरांना वाटायचं, पटलं.

आणि नेमके त्याच सुमारास शेजारच्या गावच्या नव्या मंडळाचे चिटणीस धनुष्यांची चौकशी करत आले. त्यांना सगळ्या सभासदांसाठी धनुष्यं करून घ्यायची होती. साडूला पुढचं वर्षभर दुसऱ्या गिऱ्हाइकाची वाट बघायला लागली नसती, एवढं काम. धाकटीनं थोरलीला फोनवर सांगितलं होतं की हे काम मिळालं तर दुकान ठेवायचं, नाहीतर यंदा गाळा सोडायचा, ठरलंय. थोरलीनं ते मास्तरांना सांगितलं होतं. मास्तरांनी ऐकलंही होतं.

चिटणीस मैदानावर आले, मास्तर मारत होते, धनुष्य खडखडलं. "हे तुमच्या साडूंच्याच हातचं का?" चिटणिसांनी विचारलं. मास्तर "हो" म्हणाले. "असं वाजतं होय?" मास्तर यावर काही बोलले नाहीत. यापूर्वी ते इतके गप्प कधी बसले नव्हते, आणि बसायला त्यांनी ही वेळ निवडली.

गोष्ट साडूच्या कानावर जायला वेळ लागला नाही, फोन होताच. पुढच्या सुट्टीच्या सकाळी चिटणीस शेवटचं विचारायला आले असताना साडू मैदानाच्या फाटकातून आत आला. अंगावर कामाचा सदरा, केसांत लाकडाचा भुसा. इतक्या वर्षांनी त्याला तिथं बघून रोखपालानं ओढलेली दोरी तशीच हळूहळू परत सोडली.

"कुठंय ते?" साडूनं विचारलं.

मास्तरांनी धनुष्य दिलं. साडूनं रांगेत उभं राहून बाण लावला. एक बोट वर, दोन खाली, मास्तरांनी शिकवावं तसं तंतोतंत. दबका, गोल आवाज आला आणि बाण मध्ये लागला. दुसरा लागला. खडखड नाही, थरथर नाही. चिटणिसांच्या भुवया वर गेल्या.

साडू धनुष्य परत द्यायला वळला आणि त्याची नजर दोरीवर गेली. दोरीला मेण लावतात. बाण जिथं बसतो त्या गाठीच्या वरचं मेण नव्यासारखं चकाकत होतं; खालचं तीन बोटांच्या रुंदीचं मेण घासून पार निघून गेलं होतं. साडूनं त्यावरून अंगठा फिरवला, मास्तरांच्या सुजलेल्या बोटाकडे पाहिलं, मग मास्तरांच्या तोंडाकडे. मास्तरांना वाटलं, आता याच्या तोंडून खरं काय ते निघणार, आणि मग आपण इथं तोंड कसं दाखवणार?

साडू चिटणिसांकडे वळला. "माझ्या हातून वाजलं नाही, पण यांच्या हातात वाजतं ना? मग खोट धनुष्यातच. तासताना माझाच हात चुकला असणार. घेऊन जातो, दुरुस्त करून देतो."

"बरं झालं बाबा आधी कळलं ते," चिटणीस म्हणाले. त्यांनी टोपी घातली. "मग आम्ही कारखान्यातलीच मागवतो. राग मानू नका."

"राग कसला?" साडू म्हणाला आणि धनुष्य काखेत धरून फाटकाकडे निघाला.

आता मास्तरांना काहीही करायचं नव्हतं. नुसतं उभं राहायचं होतं. लोकांच्या लेखी त्यांचंच खरं ठरलं होतं, मान वाढला होता, आणि बोट भिंतीआड सुरक्षित होतं. पण साडूच्या पाठीवर सदरा दोन ठिकाणी रफू केलेला त्यांना दिसला. तो टाका थोरलीचा होता. मास्तरांच्या स्वतःच्या सदऱ्यांवर तसलाच होता. तिनं तो सदरा कधी आणला, कधी दिला, त्यांना पत्ता नव्हता.

"थांब!" मास्तर ओरडले. टायपिंगच्या क्लासातला आवाज होता तो. साडू थांबला, चिटणीसही थांबले. मास्तरांनी जाऊन धनुष्य त्याच्या काखेतून ओढून घेतलं आणि रांगेच्या मधोमध येऊन उभे राहिले, सगळ्यांना हात दिसेल असे. बाण लावला. तिन्ही बोटं खाली घातली. बाण सरळ मध्ये गेला आणि धनुष्य खडखडलं.

"ऐकलंत?" ते चिटणिसांना म्हणाले. "हा आवाज त्याच्या हाताचा नाही, माझ्या बोटाचा आहे. मी त्याला माप खोटं दिलं. एक वर सांगितलं आणि मारतो तिन्ही खाली. त्यानं सांगितलं तसंच केलंय. याच्याहून चांगलं धनुष्य तुम्हाला कुणी करून देणार नाही."

चिटणिसांना बोटांतलं काही कळलं नाही, पण माणूस चारचौघांत स्वतःची अब्रू काढतोय म्हणजे खरं बोलत असणार एवढं कळलं. त्यांनी टोपी पुन्हा काढली आणि साडूला दुकानाची वेळ विचारली.

मास्तर आता मंडळाकडे वळले. ते शिक्षा घ्यायला तयार होते. औषधवाल्या बाई खाकरल्या. "मास्तर, म्हणजे आता आम्हीही उघडपणे तसं मारलं तर चालेल ना?" आणि उत्तराची वाट न बघता त्यांनी पहिलं बोट खाली नेलं. शेजारी रोखपालानं नेलं. सगळ्या रांगेनं नेलं. बाण सुटले, आणि सगळ्या मैदानावर एकही धनुष्य खडखडलं नाही. मास्तर रांगेमागून फिरायचे तेव्हा धनुष्यं वाजायची, ते चहाला गेले किंवा भिंतीकडे तोंड करून उभे राहिले की थांबायची. त्याला ते इतकी वर्षं आपला दरारा समजत आले होते.

"तुला माहीत होतं?" त्यांनी साडूला विचारलं.

"मी विचारल्याशिवाय लाकडाला हात लावत नाही," साडू म्हणाला. "तुमच्या मंडळातल्या सगळ्यांची धनुष्यं मीच केलीत. सगळ्यांनी तिन्ही खाली सांगितलं. वर पुन्हा, मास्तरांना बोलू नका म्हणाले."

"आणि मी?"

"एक वर सांगणारे तुम्ही एकटेच. मी म्हटलं, एक तरी माणूस बोलतो तसा वागतो. मागच्या खोलीत एक लाकूड ठेवलं होतं, माझ्या थोरल्या मुलाच्या जन्माच्या वेळी वाळायला घातलेलं. तसलं परत मिळणार नाही. ते तुमच्यासाठी काढलं."

मास्तरांनी हातातल्या धनुष्याकडे पाहिलं. "हे दुरुस्त होईल?" त्यांनी विचारलं.

"होईल. तासावं लागेल," साडू म्हणाला. "तासलेलं परत जोडता येत नाही, म्हणून आधी नीट सांगा. खरंच तिन्ही खाली?"

"तिन्ही खाली," मास्तर म्हणाले. साडूनं मान हलवली आणि धनुष्याची दोरी उतरवायला घेतली.